पेसमेकर रोपणानंतरचे वेदनाशमन

पेसमेकर रोपणानंतरचे वेदनाशमन म्हणजे हृदयाचे ठोके नियमित ठेवणारे उपकरण शरीरात बसवल्यानंतर जखमेची वेदना आटोक्यात ठेवण्यासाठी केले जाणारे उपचार होत. उपकरण बहुधा डाव्या जत्रुकास्थीखाली (गळ्याच्या हाडाखाली) त्वचेत लहान कप्पा करून ठेवतात व त्याच्या तारा शिरेतून हृदयापर्यंत नेतात. ही शस्त्रक्रिया सामान्यतः स्थानिक भूल देऊन केली जाते.

इतिहास

स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये लिडोकेन तयार केले, तर ब्युपिव्हकेन १९५७ मध्ये तयार झाले. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी ऑके सेनिंग यांनी अर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला. त्यासाठी छाती उघडावी लागली होती. पुढे तारा शिरेतून नेण्याची पद्धत रूढ झाली आणि स्थानिक भूल पुरेशी ठरू लागली.

कार्यपद्धती

स्थानिक भूल देणारी औषधे मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग बंद करतात, त्यामुळे वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचत नाही. लिडोकेनचा परिणाम काही मिनिटांत सुरू होतो, पण एक-दोन तासांत ओसरतो. ब्युपिव्हकेनचा परिणाम अनेक तास टिकतो. म्हणून काही ठिकाणी टाके घालण्यापूर्वी ते जखमेभोवती टोचतात. छातीच्या स्नायूंमधील मज्जातंतू सोनोग्राफीच्या साहाय्याने बधिर करण्याची पद्धत राफाएल ब्लँको यांनी २०११ मध्ये मांडली. ती पद्धतही यासाठी वापरली जाते.

मर्यादा व धोके

औषधाची मात्रा रुग्णाच्या वजनानुसार ठरते. मात्रा जास्त झाल्यास किंवा औषध थेट रक्तवाहिनीत गेल्यास ओठ-जीभ बधिर होणे, कानात आवाज येणे, झटके येणे व हृदयाची लय बिघडणे असे परिणाम होऊ शकतात. ब्युपिव्हकेनचा हृदयावरील दुष्परिणाम अधिक गंभीर असतो. अशा वेळी शिरेतून स्निग्ध द्रावण देतात.

घरी परतल्यानंतर

भुलीचा परिणाम ओसरल्यावर पहिल्या रात्री दुखणे स्वाभाविक आहे. त्यासाठी बहुधा पॅरासिटामॉल देतात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी इतर वेदनाशामके डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. वेदना दिवसेंदिवस कमी होत जाणे अपेक्षित असते. ती वाढू लागली, किंवा सूज, लाली, ताप अथवा स्राव दिसला, तर कप्प्यात रक्त साचल्याची वा जंतुसंसर्गाची शक्यता असते. अशी सूज सुईने उपसू नये, कारण त्यामुळे जंतू आत शिरू शकतात. हात काही आठवडे खांद्याच्या वर नेऊ नये, मात्र तो पूर्णपणे निश्चलही ठेवू नये, अन्यथा खांदा आखडतो.

विदर्भातील संदर्भ

तुमसर तालुक्यातील (जिल्हा भंडारा) आंबागडसारख्या गावांतील रुग्णांना अशा उपचारांसाठी साधारणपणे नागपूरला जावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर रोपणाचा समावेश आहे. रुग्णालय दूर असल्याने अपेक्षित वेदना व धोक्याची वेदना यांतील फरक रुग्णाला व कुटुंबीयांना घरी जाण्यापूर्वीच समजावून सांगणे महत्त्वाचे ठरते. भाताच्या रोवणीसारखी श्रमाची कामे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सुरू करावीत.