वाळूंतील मोटार

ज्या यंत्रानें आपल्या सारथ्याचा प्राण घेतला, त्यास पुरलेलेंच राहूं द्यावें कीं बाहेर काढून पुन्हां चालतें करावें? ‘बॅब्स’ या एकआसनी मोटारीच्या इतिहासांत हा प्रश्न खरोखरच उपस्थित झाला. काउंट लुई झ्बोरोव्स्कीनें 27 लिटरचें लिबर्टी विमानयंत्र बसवून बांधलेली ही गाडी, त्याच्या 1924 मधील मृत्यूनंतर जे. जी. पॅरी-टॉमसनें घेतली. एप्रिल 1926 मध्यें त्यानें वेल्समधील पेंडाइनच्या पुळणीवर ताशीं सुमारें 171 मैलांचा विक्रम केला. पुढील वर्षीं माल्कम कॅम्बेलनें तो मोडला. तो परत मिळवितांना 3 मार्च 1927 रोजीं टॉमस त्याच किनाऱ्यावर मरण पावला आणि मोडकी गाडी तेथेंच वाळूंत पुरण्यांत आली.

1969 मध्यें ओवेन विन ओवेन या अभियांत्रिकीच्या अध्यापकानें ती उकरून काढली. गंजलेले भाग नव्यानें घडवून इंजिन पुन्हां सुरू करण्यांत त्याचीं अनेक वर्षें गेलीं. कोणास हा समाधिभंग वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. तुटलेल्या साखळीनें टॉमसचा बळी घेतला, अशी दीर्घकाळ समजूत होती. अवशेष पाहिल्यावर मागील चाकानेंच दगा दिला असावा, असा तर्क पुढें आला. वाळूंत राहती तर गाडी गंजून गेली असती. ती समजूत मात्र टिकली असती.