डबा, साखळी आणि कॅन

मोबाईल बंद ठेवा, अशी पाटी हिंगोलीपासून वसमतपर्यंत कुठल्याही पेट्रोल पंपावर दिसते. कॅन जमिनीवर ठेवूनच भरा, अशी पाटी सहसा दिसत नाही. पुरावा बघितला तर नेमके उलटे असायला हवे होते. 2000 सालाच्या आसपास अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेने पंपांवर स्थिर विजेमुळे लागलेल्या दीडशेहून अधिक आगींची माहिती गोळा केली. मोबाईलमुळे लागलेली एकही आग तिला सापडली नाही. मग चुकीची भीती पाटीवर कशी चढली आणि खरी खाली का राहिली? माझ्या मते याचे उत्तर इंधनाच्या भांड्यांच्या इतिहासात आहे. इंधनाची ने-आण ठिणगीपासून बऱ्याच अंशी सुरक्षित राहिली ती नियमांपेक्षा पत्र्यामुळे आणि लोखंडामुळे. ते संरक्षण कुणी ठरवून दिलेले नव्हते, म्हणूनच ते गेल्याचेही कुणाला कळले नाही.

हिंगोली निजामाच्या राज्यातले कापसाचे मोठे ठाणे. 1903 पर्यंत इथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती आणि 1912 साली पूर्णेहून मीटरगेज लोहमार्ग इथवर आला. त्या काळात घासलेट देशभर फिरायचे ते पत्र्याच्या चार गॅलनच्या, म्हणजे सुमारे अठरा लिटरच्या चौकोनी डब्यातून. रिकामा झाला की तोच डबा पाणी भरायला, धान्य ठेवायला आणि शेवटी ठोकून सपाट करून छपरावर टाकायला कामी यायचा. निजाम सरकारने 1932 मध्ये सत्तावीस गाड्यांनिशी स्वतःची बससेवा सुरू केली. मोटारी वाढल्या तसे पेट्रोलही डब्यातून आणि लोखंडी पिंपातून पुढे सरकू लागले. भरलेला डबा चौदा-पंधरा किलोंचा. तो हातात लोंबकळत धरून कुणी भरत नसे. जमिनीवर टेकवायचा, नरसाळे लावायचे आणि ओतायचे. वाहत्या इंधनात घर्षणाने साठणारा विद्युतभार त्यामुळे पत्र्यातून थेट मातीत उतरून जाई. टँकरच्या मागे रस्त्यावर घासत जाणारी साखळी ही त्याच तत्त्वाची जाणीवपूर्वक केलेली आवृत्ती. पुढे टायरच्या रबरात मिसळलेल्या काजळीमुळे टायरच वीज वाहून नेऊ लागले आणि साखळीचे काम बरेचसे संपले. टँकर रिकामा करताना मात्र अर्थिंगची तार आजही आधी जोडली जाते.

कायद्याचीही गंमत बघण्यासारखी आहे. 1934 चा पेट्रोलियम कायदा विक्रीसाठी नसलेले तीस लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याविना बाळगू देतो, पण भांडे काच, चिनी माती किंवा धातूचेच हवे असे सांगतो: काच-चिनी मातीचे असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचे असेल तर पंचवीस लिटरपर्यंत. प्लास्टिकचा उल्लेखच नाही, कारण तेव्हा प्लास्टिकची कॅन नावाची वस्तू बाजारात नव्हती. कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात स्थिर वीज होती असा दावा मी करणार नाही. काचही वीज वाहून नेत नाही, आणि तिच्यावरची मर्यादा फुटण्याच्या भीतीने घातलेली दिसते. तरीही परिणाम असा झाला की मोठे भांडे म्हणजे धातूचे भांडे, हे समीकरण कायद्याने पक्के केले.

ते मोडले शेतीच्या गरजेने. पूर्णा प्रकल्पाचे पाणी वसमतकडच्या शिवारांना मिळाले, पण कयाधूच्या काठाने आणि विहिरींवर इंजिन लागतच राहिले. पुढे हळद, कापूस आणि सोयाबीनवर पेट्रोलचे फवारणी पंपही आले. पत्र्याचा डबा गंजतो आणि गळतो, तर प्लास्टिकची पाच लिटरची कॅन हलकी, स्वस्त आणि मोटारसायकलच्या हँडलला अडकवता येणारी. शेतकऱ्याने ती उचलली यात त्याची काहीच चूक नाही. पण हँडलला लोंबकळणाऱ्या कॅनमधला भार जमिनीत जायला वाटच उरत नाही. त्यात पत्र्याचे नरसाळे खोचले तर सगळ्यांत वाईट: सगळीकडून प्लास्टिकने तोडलेला धातूचा तुकडा भार साठवतो आणि नोझल जवळ येताच एका ठिणगीत मोकळा करतो. पेट्रोलची वाफ पेटायला एका मिलिज्यूलचा चौथा हिस्सादेखील पुरतो. बोटाला जाणवणाऱ्या ठिणगीत त्याहून कितीतरी जास्त ऊर्जा असते.

इथे कुणी म्हणेल, मग पत्र्याचा डबा पुन्हा आणा, झाले. तेवढे सोपे नाही. 1990 च्या दशकात अमेरिकेत प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या पिकअपच्या हौद्यात ठेवून भरलेले डबे पेटले, आणि त्यांत धातूचे डबेही होते. जमिनीपासून तोडलेला धातू प्लास्टिकपेक्षा कमी धोक्याचा नसतो. जुन्या डब्याने संरक्षण दिले ते तो पत्र्याचा होता आणि मातीवर टेकलेला होता म्हणून. दोन्ही अटी लागतात. दुसरा आक्षेप असा की खेड्यातल्या कॅनमध्ये बहुधा डिझेल असते. खरे आहे, डिझेलची वाफ पेट्रोलसारखी सहज पेटत नाही, आणि कायदाही डिझेलबाबत बराच सैल आहे. पण काल फवारणी पंपासाठी पेट्रोल आणलेल्या कॅनमध्येच आज डिझेल घेतले जाते, आणि तळाशी उरलेली वाफ पेट्रोलचीच असते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: इतकी वर्षे असेच चालले, तरी आगी फारशा ऐकू येत नाहीत. याचे श्रेय पावसाळ्याच्या दमट हवेला आणि पंपावरच्या कर्मचाऱ्याला द्यावे लागेल. अमेरिकेत गिऱ्हाईक स्वतः नोझल लावतो, मधेच गाडीत जाऊन बसतो, सीटवर घासून भारित होतो आणि परत येऊन नोझलला हात घालतो. आपल्याकडे नोझल कर्मचाऱ्याच्या हातात असते आणि तो उभाच असतो. मात्र कॅन धरलेला हात गिऱ्हाइकाचाच असतो, आणि माघ-फाल्गुनात मराठवाड्याची हवा पुरती कोरडी पडते. सिंथेटिक कपडे काढताना होणारी चटचट याच दिवसांतली.

सुट्या पेट्रोलवर बंदी येते, नाही असे नाही. पण ती आंदोलनांच्या वेळी जाळपोळ होऊ नये म्हणून येते आणि तणाव निवळला की विरते. तिला भांडे कशाचे आहे याच्याशी देणेघेणे नसते. बंदीच्या दिवसांत पत्र्याचा डबा घेऊन आलेला शेतकरी प्लास्टिकची बाटली आणणाऱ्याइतकाच रिकाम्या हाताने परततो, आणि बंदी उठली की दोघांनाही सारखेच भरून मिळते.