मथळा उरतो, लेख जातो

नियतकालिकात छापलेला मजकूर छापला त्या जागी राहत नाही. तो पुस्तकात जातो, पाठ्यपुस्तकात जातो, भाषणात जातो आणि आता मोबाइलच्या पडद्यावरील चौकटीत जातो. या स्थलांतराला आपण आजच्या समाजमाध्यमांची करामत समजतो. वस्तुतः मराठी निबंधाचा सारा इतिहास हा अशा स्थलांतरांचाच इतिहास आहे. म्हणून मजकूर हलवावा की हलवू नये, हा वाद आम्हांला निरर्थक वाटतो. हलताना त्याच्याबरोबर काय जाते आणि काय मागे राहते, हा प्रश्न मात्र साहित्याच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही.

'शतपत्रे' हे आज आपल्याला एका पुस्तकाचे नाव वाटते. मुळात ती भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' या साप्ताहिकात १८४८ ते १८५० या काळात, 'लोकहितवादी' या टोपणनावाने आलेली १०८ पत्रे होत. पुस्तक म्हणून ती सलग वाचणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली तक्रार पुनरुक्तीची असते: तेच मुद्दे, तोच संताप, तीच उदाहरणे. ही तक्रार पुस्तकाच्या दृष्टीने खरी आहे. साप्ताहिकाच्या दृष्टीने ती गैरलागू आहे. मागचा अंक ज्याच्या हाती पडला नाही, अशा वाचकाला गोपाळ हरी देशमुखांना तो मुद्दा पुन्हा सांगणे भाग होते. एका ठिकाणी जी गरज होती, तीच दुसऱ्या ठिकाणी दोष ठरली. मजकुराचे अक्षरही बदलले नाही. बदलली ती त्याची बैठक.

आगरकरांच्या बाबतीत याहून वेगळी गोष्ट घडली. 'केसरी' १८८१ मध्ये निघाला आणि १८८७ पर्यंत आगरकर त्याचे संपादक होते. त्या काळच्या प्रथेप्रमाणे अग्रलेखाखाली सही नसे. लिहिणारा 'आम्ही' म्हणून बोले. हे 'आम्ही' म्हणजे केवळ आदरार्थी बहुवचन नव्हे. त्यामागे एक मंडळ होते, त्यात टिळक होते, मतभेद होते, आणि एका स्तंभात किती बोलायचे याच्या मर्यादाही होत्या. पुढे 'केसरी'तील निवडक निबंध पुस्तकरूपाने आले आणि काळाच्या ओघात त्या अनेकवचनाचे एकवचन झाले. आज आपण 'आगरकर म्हणतात' असे निःशंकपणे लिहितो. लेखकाला त्याचे नाव मिळाले, हे न्याय्यच झाले; पण ज्या सामूहिक आवाजात तो बोलत होता, तो आवाज पुसला गेला. आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' का काढला, हे त्या पुसलेल्या आवाजाची आठवण ठेवल्याशिवाय नीट कळत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण अर्थातच टिळकांचे. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा मथळा ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. कोणत्याही सरकारवर, कोणत्याही पक्षाने, कोणत्याही कारणासाठी तो फेकता येतो. पण तो लेख ६ जुलै १८९७ च्या 'केसरी'तला आहे. पुण्यातील प्लेगची साथ, २२ जूनला रँडवर झालेला हल्ला आणि त्यानंतर साऱ्या शहरालाच गुन्हेगार समजणारी सरकारची भूमिका, हा त्याचा प्रसंग आहे, हे सांगू शकणारे थोडे. याच लेखासाठी टिळकांना शिक्षा झाली, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात १८९७ चा राजद्रोहाचा खटला १५ जूनच्या अंकातील शिवाजी महाराजांसंबंधीच्या मजकुरावर उभा होता. मथळा इतका मोठा झाला, की त्याने शेजारच्या अंकांचा इतिहासही गिळून टाकला.

१९०८ च्या खटल्यात तर मजकुराचे स्थलांतर हाच वादाचा विषय झाला. 'देशाचे दुर्दैव' (१२ मे) आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' (९ जून) हे दोन लेख 'केसरी'च्या स्तंभांतून उचलून, इंग्रजी भाषांतर करून न्यायालयात मांडले गेले. ज्यूरीतील बहुतेकांना मराठी येत नव्हते. टिळकांनी स्वतःच बचाव केला. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. त्या बचावाकडे आपण धैर्याचा प्रसंग म्हणून पाहतो, आणि तो तसा आहेच. परंतु साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो वाचनपद्धतीवरील व्याख्यान म्हणूनही वाचावा. भाषांतरात शब्दांच्या छटा बिघडल्या आहेत, असे त्यांनी दाखवले. लेख एका चालू वादातील उत्तर आहे, हेही दाखवले. आणि अँग्लो-इंडियन पत्रांनी काय लिहिले होते ते पाहिल्यावाचून त्या उत्तराचा अर्थ लागत नाही, असा आग्रह धरला. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले, आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. संदर्भ तोडून वाचण्याची किंमत इतकी असू शकते.

आज टिळक-आगरकरांची दोन-दोन वाक्ये छायाचित्रावर छापून हातोहात फिरतात आणि विद्यार्थी तीच परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत उतरवतात. त्यांतील काही त्यांची असतात, काही नसतात. ओळखायला साधन नसते, कारण चौकटीत तारीख नसते. आपल्यापैकी जे लिहितात, त्यांच्या दीर्घ लेखांचेही असेच तुकडे पाडले जातात, आणि पुष्कळदा ते पाडणारे आपणच असतो. त्यात पाप काही नाही. लोकहितवादींची पत्रे 'प्रभाकर'च्या जुन्या अंकांतच राहिली असती, तर ती आज कुणी वाचली असती?

मात्र तुकडा पाडणाऱ्याने तीन गोष्टी त्याच्या गाठीला बांधून द्याव्यात, असे आम्हांला सुचवावेसे वाटते: लेख कधी आला, कशाच्या निमित्ताने आला आणि तो कुणाला उद्देशून होता. या तीन गोष्टी दोन ओळींत मावतात. त्या असल्या म्हणजे वाचकाला तुकड्यावरून मूळ लेखापर्यंत परत जाता येते. नसल्या, तर तो तुकडा सुभाषित होतो. आणि सुभाषिताशी वाद घालता येत नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी निबंध तर वाद घालण्यासाठीच जन्मला होता.