एनसीपीए म्हणजे नेमकं काय? नावात 'राष्ट्रीय' असलेलं पण सरकारी नसलेलं कलाकेंद्र

मुंबईत मरीन ड्राइव्हवरून नरिमन पॉइंटच्या टोकाला गेलं की समुद्राला लागून एनसीपीएच्या इमारती दिसतात. पूर्ण नाव नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स. नावामुळे अनेकांना हे केंद्र सरकारचं नाट्यगृह वाटतं. प्रत्यक्षात ही सार्वजनिक न्यास म्हणून चालणारी खासगी संस्था आहे. शिवाय इथे एक नाही, तर पाच नाट्यगृहं आहेत.

सुरुवात कशी झाली?

जे.आर.डी. टाटा आणि जमशेद भाभा यांनी १९६९ साली ही संस्था उभी केली. जमशेद हे अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांचे धाकटे भाऊ. भारतीय संगीत, नृत्य आणि नाट्य यांचं जतन व्हावं, त्यावर संशोधन व्हावं आणि ते चांगल्या जागेत सादर व्हावं, हा त्यामागचा हेतू होता.

आधी भुलाभाई देसाई मार्गावरच्या 'आकाशगंगा' इमारतीतून काम चालायचं. नंतर नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून तयार झालेली सुमारे ८ एकर जागा राज्य सरकारकडून मिळाली आणि तिथे एकेक इमारत उभी राहत गेली.

पाच नाट्यगृहं कशासाठी?

प्रत्येक कलेची गरज वेगळी असते. बंदिस्त मैफिलीला चालणारी जागा ऑपेराला पुरत नाही आणि ऑपेराच्या भव्य रंगमंचावर प्रायोगिक नाटक हरवून जातं.

• टाटा थिएटर (१९८०) : सुमारे १,००० आसनं. उद्घाटन इंदिरा गांधी यांनी केलं. आराखडा अमेरिकन वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांचा, तर ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची.
• जमशेद भाभा थिएटर (१९९९) : सुमारे १,१०० आसनं. ऑपेरा, बॅले, मोठी नाटकं आणि वाद्यवृंदासाठी.
• एक्स्पेरिमेंटल थिएटर : सुमारे ३०० आसनं. प्रयोगानुसार रंगमंच आणि खुर्च्यांची मांडणी बदलता येते.
• गोदरेज डान्स थिएटर : सुमारे २०० आसनं, मुख्यतः नृत्यासाठी.
• लिटल थिएटर : सुमारे ११४ आसनं. छोट्या मैफिली, व्याख्यानं आणि वाचनासाठी.

टाटा थिएटर वेगळं का?

शास्त्रीय मैफिलीत गायक आणि श्रोते एकमेकांना दाद देत-घेत असतात. सतारीची मींड किंवा गायकाचा हलका श्वास मागच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे. म्हणून इथली आसनं पंख्यासारखी रंगमंचाभोवती पसरलेली आहेत आणि प्रेक्षक कलाकारापासून फार लांब पडत नाही. ध्वनिक्षेपकाशिवायही आवाज ऐकू जावा, असा विचार रचनेत केलेला आहे.

आगीतून उभं राहिलेलं थिएटर

जमशेद भाभा थिएटरचं काम पूर्ण होत आलं असतानाच १९९७ मध्ये आग लागली आणि मोठं नुकसान झालं. वयाची ऐंशी ओलांडलेल्या जमशेद भाभांनी माघार घेतली नाही. दोन वर्षांत थिएटर पुन्हा उभं राहिलं. त्याच्या दालनातला संगमरवरी जिना मलबार हिलवरच्या जुन्या 'पेटिट हॉल' या वाड्यातून आणलेला आहे.

काम कसं चालतं?

भारतीय संगीत, पाश्चात्त्य संगीत, नृत्य, नाटक-चित्रपट अशा विभागांमार्फत कार्यक्रम आखले जातात. सोबत ग्रंथालय, ध्वनिमुद्रणांचा संग्रह आणि छायाचित्रांचं कलादालन आहे. २००६ मध्ये इथेच सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला.

मराठी माणसांचा यात मोठा वाटा आहे. पु.ल. देशपांडे यांनी मानद संचालक म्हणून काम पाहिलं, संगीतज्ञ अशोक रानडे यांनी संशोधन केलं आणि विजया मेहता यांनी अनेक वर्षं कार्यकारी संचालकपद सांभाळलं. 'प्रतिबिंब' हा मराठी नाट्योत्सवही इथलाच.

पैसा कुठून येतो?

देणग्या, प्रायोजक, सभासद, तिकिटं आणि सभागृहांचं भाडं यांतून. याची सर्वांत मोठी परीक्षा जमशेद भाभांच्या निधनानंतर (२००७) झाली. भाभा कुटुंबाचा मलबार हिलवरचा 'मेहरानगीर' बंगला त्यांनी संस्थेच्या नावे केला होता. होमी भाभांचं वास्तव्य असलेल्या या घराचं स्मारक व्हावं, अशी मागणी झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. अखेर २०१४ मध्ये लिलावात बंगला ३७२ कोटी रुपयांना विकला गेला. पुढे तो पाडलाही गेला.

एका वारशाच्या बदल्यात दुसरा वारसा जपायचा का, हा प्रश्न त्या वेळी विचारला गेला आणि आजही त्यावर दोन मतं आहेत. तिकिटाच्या विक्रीवर शास्त्रीय संगीत किंवा प्रायोगिक नाटक क्वचितच तगतं. सरकारी आधार नसेल, तर ते जगवण्याची किंमत कुणाला तरी अशी मोजावी लागते.