काळा फोन आणि लाकडाचा भुसा

आमच्या कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये एक जुना काळा टेलिफोन पडून आहे. तबकडी फिरवायचा, उचलला तर चांगला जड. तो बेकलाइटचा आहे हे सगळे जाणतात. पण त्यात बराचसा लाकडाचा भुसा आहे, असे सांगितले की माझे सहकारी हसतात!

गोष्ट अशी आहे. लिओ बेकलंड हा मूळचा बेल्जियममधल्या गेंटचा रसायनशास्त्रज्ञ. १८८९ साली तो अमेरिकेत गेला. फोटोग्राफीचा एक कागद शोधून तो त्याने १८९९ मध्ये कोडॅक कंपनीला विकला आणि त्या पैशांवर न्यूयॉर्कजवळ याँकर्सला घरीच प्रयोगशाळा थाटली. त्या काळी विजेच्या सामानाला लाख फार लागे, आणि ती मुख्यतः आपल्या हिंदुस्थानातून जाई. तिला पर्याय सापडला तर सोन्याची खाणच!

फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून राळ तयार होते, हे जर्मनीच्या बायरने १८७२ सालीच पाहिले होते. बेकलंडने ती राळ लाकडात मुरवून लाकूड कणखर करायचे ठरवले. लाकूड राहिले बाजूला, राळेनेच त्याला वेड लावले. उष्णता आणि दाब देऊन ती कायमची घट्ट करण्याचे पेटंट त्याने १९०७ मध्ये मागितले, ते १९०९ मध्ये मिळाले. ही राळ पुन्हा वितळत नसे, वीजही वाहून नेत नसे. खोट एकच. नुसती राळ ठिसूळ, आपटली की तुकडे.

मग कामाला आले ते लाकडाचे बारीक पीठ. साच्यात घालायच्या भुकटीत ते निम्म्यापर्यंतही असे. त्याचे तंतू राळ शोषून घेतात, चीर पुढे धावू देत नाहीत. वस्तू निवताना आकसतेही कमी, आणि वर माल स्वस्त. आपल्याकडे मातीच्या भिंती घालताना चिखलात भाताचा पेंढा तुडवत, तीच ही युक्ती.

म्हणजे बेकलंड निघाला लाकडाला बळ द्यायला आणि शेवटी लाकडानेच त्याच्या राळेला सावरले. नाव मात्र झाले बेकलाइटचे. भुशाला इंग्रजीत ‘फिलर’ म्हणतात, म्हणजे जागा भरणारा. चाळीस फायलींखाली सही करणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला हा शब्द जरा लागतोच.

पुढे १९९०च्या दशकात अमेरिकेत लाकडाचे पीठ आणि पॉलिथिन मिसळून अंगणातल्या फळ्या बनू लागल्या, तेव्हा लोकांना ते नवल वाटले. काळा फोन ते गुपित केव्हापासून पोटात घेऊन बसला होता!