खरे आकडे, खोटे चित्र

श्रोतेहो, कंपनीला तोटा आला तर भागधारकांना तो सांगावा की झाकावा? १९३१ साली लंडनच्या न्यायालयात हाच प्रश्न उभा राहिला.

'रॉयल मेल स्टीम पॅकेट' ही १८३९ साली सनद मिळालेली आगबोटींची जुनी, नावाजलेली कंपनी. पहिल्या महायुद्धात तिने भरपूर कमावले आणि पुष्कळशी रक्कम गुप्त गंगाजळीत ठेवली. १९१८ मध्ये युद्ध संपले. पुढे वाहतुकीचे दर कोसळले, धंदा बसला. पण अध्यक्ष लॉर्ड किलसँट यांनी तसे सांगितले नाही. गंगाजळीतून रक्कम काढायची, नफ्यात मिळवायची आणि लाभांश वाटायचा, असे काही वर्षे चालले. हिशेबात खुलासा काय, तर करांच्या राखीव निधीबद्दलचे एक मोघम वाक्य!

आता बघा, दुष्काळात पेव उघडून धान्य खाल्ले तर त्यात गैर काय? काहीच नाही. पण पेवातले धान्य दाखवून 'यंदा शेत पिकलं' म्हणणे, ही फसवणूक झाली.

१९२८ साली कंपनीने वीस लाख पौंडांचे कर्जरोखे विक्रीला काढले. माहितीपत्रकात मागच्या वर्षांचे लाभांश दिले होते. आकडा एकही खोटा नव्हता. फक्त ते पैसे कुठून आले, हे सांगितले नव्हते. या माहितीपत्रकाबद्दल लॉर्डसाहेबांना बारा महिन्यांची कैद झाली. वार्षिक हिशेबांच्या आरोपातून मात्र ते आणि हिशेबतपासनीस दोघेही सुटले. कारण गुप्त गंगाजळी ठेवण्याची रीत तेव्हा सर्वमान्य होती.

चालक म्हणत, वाईट बातमी फोडली तर सावकार घाबरतील, पत जाईल. यात तथ्य नाही असे नाही. पण भागधारक हे मालक. त्यांना वेळेवर कळते, तर लाभांश थांबवून तोच पैसा धंदा सावरायला ठेवता आला असता. झाकल्याने तोटा गेला नाही. उपाय करण्याची वेळ तेवढी गेली.

ब्रिटनने १९४८ च्या कायद्यात असा खुलासा सक्तीचा केला. भारताच्या १९५६ च्या कंपनी कायद्यानेही राखीव निधीतून काढलेली रक्कम वेगळी दाखवायला लावली. पुढे २०१३ चा कायदा आला, तरी तत्त्व तेच राहिले.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, गावच्या सहकारी संस्थेचा अहवाल हाती आला की नफ्याच्या आकड्यावर थांबू नका. वार्षिक सभेत उभे राहून विचारा: हा नफा यंदाच्या कामाचा, की मागच्या शिलकीचा?