हरिणीचा ऋतू आणि संप्रेरके : प्रस्तावना

तांबडे हरीण न्यूझीलंडचे मूळ रहिवासी नाही. एकोणिसाव्या शतकात ते ब्रिटनमधून शिकारीसाठी आणले गेले, रानात बेसुमार वाढले आणि जंगलाचा उपद्रव ठरले. 1970 च्या सुमारास मात्र तेथील शेतकऱ्यांनी त्याला कुंपणात आणले आणि हरीणपालन हा रीतसर व्यवसाय झाला. ड्युनेडिनजवळच्या इन्व्हर्मे संशोधन केंद्रात या प्राण्याच्या प्रजननाचा जो बारकाईने अभ्यास झाला, त्यातून या विषयाची पायाभरणी झाली.

मुळात प्रश्न चाऱ्याचा आहे. दक्षिण गोलार्धात दिवस लहान होऊ लागले, की मार्च-एप्रिलमध्ये हरिणी माजावर येते; सुमारे 233 दिवसांनी, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये विते. गवताचा बहर मात्र त्याआधीच, वसंतात येतो. पाडसाला दुधाची सर्वाधिक गरज असते, तेव्हा अनेक भागांत कुरणे सुकू लागलेली असतात. वीण काही आठवडे अलीकडे आणता येईल का, या विचारातून संप्रेरकांचा वापर सुरू झाला.

वाचकांनी दोन वाटा वेगळ्या ओळखाव्यात. मेलाटोनिन हे रात्रीच्या अंधारात स्रवणारे संप्रेरक. उन्हाळ्यात त्याची गोळी कातडीखाली बसवली, की शरीराला शरद ऋतू लवकर आल्याचा संकेत मिळतो. दुसरी वाट प्रोजेस्टेरॉनची. ते सोडणारे साधन सुमारे 12 दिवस योनिमार्गात ठेवून काढले, की कळपातील माद्या जवळपास एकाच वेळी माजावर येतात आणि कृत्रिम रेतनाची वेळ ठरवता येते. आपल्याकडे म्हशींसाठीही पशुवैद्य हीच पद्धत वापरतात, त्यामुळे मराठी वाचकाला हा भाग परका वाटणार नाही.

मात्रांच्या कोष्टकांकडे वळण्याआधी तुम्ही ऋतुचक्रावरील प्रकरणे सावकाश वाचावीत, ही विनंती. नराचाही ऋतू अलीकडे आणावा लागतो, हे त्यातून उमगेल. गाभण काळाच्या अखेरीस दिलेले मेलाटोनिन प्रोलॅक्टिन हे दुग्धनिर्मितीचे संप्रेरक घटवते, कास नीट भरत नाही आणि पाडसाचे दूध तुटते, हेही कळेल. प्रत्येक उपचार वाचताना हरिणीची अंगस्थिती आणि पाडसाचे दूध या दोन गोष्टींचा हिशेब आधी मांडा. तो जमला, तरच हे शास्त्र तुमच्या हाती सुरक्षित राहील.